एक वाजताचा वर्ग

माणसाने जन्मात किती वेळा थक्क व्हायचं याचा काही कोटा वरून ठरून येत असेल, तर माझा सगळा कोटा आमच्या घरमालकीणबाईंनी नागपुरातल्या चार वर्षांत संपवून टाकला. त्यानंतर मी पुष्कळ गावं पाहिली, पुष्कळ माणसं पाहिली, त्यांतली काही तर पेपरात नाव येण्याइतकी विचित्र होती. पण जिना उतरता उतरता मधल्याच पायरीवर माझा खांब व्हावा आणि हातातली दुधाची पातेली तिरकी होऊन दूध पायरीवर सांडत राहावं, ते मला कळूही नये, असं मात्र पुन्हा कुणी केलं नाही.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. यवतमाळहून नुकतीच आलेली, एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राची लेक्चरर म्हणून लागलेली, आणि आपल्याला बरंच काही येतं अशा समजुतीत असलेली. कॉलेज सकाळचं. लकडगंजात, लाकडाच्या वखारींच्या मागच्या गल्लीत एका दुमजली घराची वरची खोली मिळाली. दिवसभर आरा मशीनची किंकाळी चालू असायची आणि चहावर भुशाची एक नाजूक साय धरायची. खाली घरमालकीणबाई आणि त्यांचा मुलगा. मुलगा वडिलांच्या मागे वखार बघत होता. बाईंना सगळी गल्ली काकू म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. ठेंगणी, रुंद मूर्ती, कपाळावर हिरवं गोंदण, डोक्यावरून पदर आणि नाकावर दिवंगत यजमानांचा चष्मा. त्या चष्म्याचा नंबर काकूंच्या डोळ्यांशी जुळत नव्हता. मी एकदा तसं सुचवलं तेव्हा म्हणाल्या, "नंबर नाही जुळत, पन सवय जुळली आहे न."

खोली बघायला गेले त्या दिवशी पगार, जात, माहेर, लग्न यांतलं काहीही न विचारता त्यांनी विचारलं, "काय शिकवता?"

"वनस्पतिशास्त्र."

"कोनाले?"

"बी.एस्सी.च्या मुलांना."

"अन् बाकीच्याइले?"

"बाकीचे कोण?"

"बाकीचे म्हंजे मी. हा दूधवाला. समोरचा तो सूतगिरणीतून रिटायर झालेला मानूस. आमाले कोनी नाही सांगत काय?"

मला वाटलं थट्टा आहे, म्हणून मी हसले. काकू हसल्या नाहीत. त्या माझ्या तोंडाकडे, उत्तर येणारच आहे अशा खात्रीने बघत राहिल्या. मी भाडं विचारलं, आणि खोली मिळाली.

काकू चौथी पास होत्या. पाचवीत जायच्या सुमारास त्यांचं लग्न झालं आणि शिक्षण तिथेच थांबलं, असं आपण म्हणू. काकूंच्या मते ते थांबलेलंच नव्हतं, फक्त मास्तर यायचे बंद झाले होते. किराण्याच्या पुडीचा कागद त्या वाचल्याशिवाय टाकत नसत. एकदा हळदीच्या पुडीच्या कागदावर कुठल्याशा विहिरीत पडलेल्या वाघाची बातमी होती आणि ती नेमकी वाघाला वर काढताना फाटलेली होती. काकू तशाच पदर सावरत दुकानात गेल्या आणि त्यांनी दुकानदाराला बांधून ठेवलेल्या सहा पुड्या सोडायला लावून बातमीचा खालचा भाग शोधून काढला. वाघ जिवंत निघाला होता. दुकानदार पुढे महिनाभर मला विचारी, "मॅडम, काकूजीले आज काय अर्धं सापडलं नाही न?" दात काढायला गेल्या तर दातांच्या डॉक्टरांच्या हातात चिमटा असताना, तोंड उघडं ठेवूनच त्यांनी दाताला मुळं किती असतात हे विचारलं. पोट दुखलं तेव्हा डॉक्टरांकडून औषधाच्या चिठ्ठीवर जठराचं चित्र काढून घेतलं, आणि ते चित्र देवांच्या शेजारी, गणपती आणि अन्नपूर्णा यांच्या मधल्या खिळ्याला लावलं. मी पाहुण्यांना ते काय आहे हे सांगायचं टाळत असे.

मग टीव्ही आला. शहरात टीव्ही येऊन वर्ष-दीड वर्ष झालं असेल. मुलाने क्रिकेट आणि रविवारचा सिनेमा यांसाठी तो घेतला; पुढे सरकती लाकडी दारं असलेला, काळा-पांढरा. त्या दिवसांत दुपारी एकच्या सुमारास दिल्लीहून कॉलेजच्या मुलांसाठी तासभर धडे दाखवत. सगळे इंग्रजीत. आमच्या कॉलेजातसुद्धा ते कुणी पाहत असल्याचं ऐकिवात नव्हतं. मी एके दिवशी कॉलेजातून परतले तर बैठकीत काकू जमिनीवर मांडी घालून, टीव्हीपुढे ताठ बसलेल्या. पडद्यावर कोट घातलेले एक गृहस्थ फळ्यापुढे उभे राहून इंग्रजीत काही सांगत होते. काकूंना त्यातला एक शब्द कळत नव्हता, हे मला नक्की ठाऊक होतं. कार्यक्रम संपला, त्यांनी पडद्याला नमस्कार केला आणि माझ्याकडे वळल्या. चेहरा असा की मला वाटलं कुणी गेलं.

"मॅडम, हा मानूस दिल्लीहून एक घंटा बोलून राहिला. मी खिडकीतून बाजूच्याइले इचारलं, त्याइनं टीव्ही बंद ठेवला. त्याच्या पलीकडचे झोपून राहिले. एवढ्या मोठ्या शहरात कोनी त्याचं ऐकून नाही राहिलं! एकट्या मानसाले असं बोलत ठेवावं काय?"

"काकू, त्याला आपण दिसत नाही."

"त्याले नाही दिसत. मले त तो दिसते न!"

मी वर गेले, जेवले, झोपले. दुसऱ्या दिवशी साडेबाराला घरी आले, वरून दुधाची पातेली घेऊन जिना उतरू लागले तर बैठकीत अठरा माणसं. मी मधल्या पायरीवर उभी राहिले ती उभीच, दूध सांडत. सूतगिरणीतून निवृत्त झालेले गृहस्थ भिंतीला टेकून. एक पोस्टमन, आपली थैली मांडीवर घेऊन. पिठाच्या गिरणीवाला, पापण्यांसकट पांढरा. गल्लीतल्या तीन नव्या सुना, डोक्यावर पदर घेऊन कोपऱ्यात. टोपली बाजूला ठेवून बसलेली बांगडीवाली. आणि सर्वांच्या पुढे, अगदी टीव्हीच्या नाकाशी, ऐंशी वर्षांच्या एक ठार बहिऱ्या आजी. काकू सकाळपासून दारोदार फिरल्या होत्या. "फोकटचं आहे, दिल्लीवरून येऊन राहिलं, अन् वयाची अट नाही," असं प्रत्येकाला सांगितलं होतं. बहिऱ्या आजींना कशाला आणलं म्हणून मी हळूच विचारलं तर काकू म्हणाल्या, "इंग्रजी आहे. आपल्याले ऐकू येऊन काय फरक पडून राहिला?"

वर्ग सुरू झाला तो मी नागपूर सोडेपर्यंत चालला. नियम काकूंनी ठरवले. पाटी किंवा वही आणल्याशिवाय बसायचं नाही. मधे उठायचं नाही. कालचं काय ते आज कुणीतरी सांगायचं. चुकलं तरी चालेल, सांगायचंच. शिकवणारा पुरुष असला तर काकू पदर कपाळापर्यंत ओढत, बाई असली तर मागे सारत. शिकवणारा तासभर बोलतो, त्याचा घसा कोरडा पडत असेल म्हणून त्यांनी सुरुवातीला टीव्हीपुढे पाण्याचा पेला ठेवायला सुरुवात केली होती; मी ओरडले, की सांडलं तर विजेचा धक्का बसेल, तेव्हा पेला बाजूच्या कोनाड्यात गेला. पण बंद झाला नाही. उन्हाळ्यात त्यात वाळ्याची काडीही असे.

मुलगा बिचारा दुपारी जेवायला येई आणि स्वतःच्या घरात पाय ठेवायला जागा शोधत स्वयंपाकघराकडे सरके. "माय, हे काय धर्मशाळा आहे काय?" असं एकदा म्हणाला. काकूंनी ओठांवर बोट ठेवून त्याला पडदा दाखवला. पडद्यावर बेडकाचं हृदय धडधडत होतं. मुलगा त्या दिवशी जेवला नाही.

आणि दुभाषी म्हणून मला पकडण्यात आलं. मी टीव्हीच्या शेजारी पाटावर बसायची आणि जमेल तसं मराठीत सांगायची. झाडापानांचं असलं की मी ऐटीत. पण धडे कशाचेही असत. आज तारे, उद्या कायदा, परवा मोगलांचा जमीनमहसूल. पहिले काही दिवस मी इकडून तिकडून निभावलं. मग एकदा अर्थशास्त्राचा धडा लागला. शिकवणारे गृहस्थ भराभर बोलणारे. फळ्यावर त्यांनी दोन तिरक्या रेघा एकमेकींना छेदून काढल्या आणि त्यांवरून बोट फिरवत राहिले. मला ओ की ठो कळलं नाही. पण एकवीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी लेक्चरर होते. मी गंभीर आवाजात सांगितलं, "ते म्हणताहेत, भाव वाढला की लोक माल जास्त घेतात."

पिठाच्या गिरणीवाला वही मिटून माझ्याकडे बघायला लागला. पोस्टमनने थैली सरळ केली. काकूंनी चष्मा काढला.

"भाव वाढला त गिऱ्हाइक कमी होते, हे लकडगंजातल्या कुत्र्याले मालूम आहे. तो एवढा शिकलेला मानूस उलटं काहून सांगन?"

"तसंच म्हणाले ते."

"ते नाही म्हनले. तुमी म्हनल्या."

माझ्या कानांतून वाफा निघाल्या असतील. आयुष्यात मला वर्गात कुणी खोटं पाडलं नव्हतं, आणि पाडलं ते चौथी पास बाईने, बांगडीवालीच्या देखत. मी उठून वर जायला निघाले. काकूंनी हात धरून मला पाटावर बसवलं आणि पहिल्यांदाच मॅडम सोडून म्हणाल्या, "काहून वं पोरी? समजलं नाही म्हना न. आमाले तरी कुठी समजते? आमी बसतोच न रोज." मग त्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "मॅडमले समजलं नाही. आपल्यालेही नाही समजलं. आता कोनाले काय वाटते ते सांगा." आणि अर्धा तास त्या दोन रेघांवर असा काही वाद झाला, कांद्यापासून लाकडापर्यंत आणि लग्नसराईतल्या बांगड्यांपर्यंत, की शेवटी त्या रेघा काय आहेत हे मलाही समजलं. बांगडीवालीने समजावलं.

पुढच्याच आठवड्यात कॉलेजात एका मुलीने मला प्रश्न विचारला आणि मी म्हणाले, "मला माहीत नाही. उद्या बघून सांगते." वर्गात अशी शांतता पसरली की बाहेरून जाणारे प्राचार्य आत डोकावले.

तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये जे झालं ते मात्र थक्क होण्याच्या पलीकडचं होतं. नागपूरचा एप्रिल, कूलरचं पाणीसुद्धा चटके देत होतं. विजेचा दाब वर-खाली होत होता, आणि एका सकाळी टीव्हीने आतून 'फट्' केलं, धुराची एक बारीक रेघ सोडली आणि डोळा मिटला. दुरुस्तीवाला पाठ काढून बघून गेला, आठ दिवस लागतील म्हणाला. मी मनातल्या मनात सुट्टी जाहीर केली. पण एक वाजायच्या आत माणसं आलीच. त्यांना कळलं होतं टीव्ही गेल्याचं, तरी आली. मेलेल्या पडद्यासमोर पाट्या घेऊन बसली. काकूंनी माझ्याकडे पाहिलं.

"मॅडम, तुमी घ्या आज."

"काकू, माझ्या नोट्स कॉलेजात आहेत."

हे मी खरंच म्हणाले. आठवलं की अजून लाज वाटते. तीन वर्षं मी कॉलेजात झाडाच्या खोडाची रचना शिकवत होते आणि एका दुपारी वीस माणसांपुढे बोलायला मला नोट्स हव्या होत्या. काकू उठून मागच्या पडवीत गेल्या आणि एक जुनं गोणपाटाचं पोतं ओढत घेऊन आल्या. टीव्हीशेजारी, माझ्या पाटाच्या जागी बसल्या. पोत्याचं तोंड सोडलं. आत लाकडाचे ढलपे होते, शेकडो. कुऱ्हाडीने किंवा करवतीने निघतात तसे तळहाताएवढे तुकडे.

"आज लाकूड," काकू म्हणाल्या.

आणि शिकवायला लागल्या. एकेक ढलपा काढून आधी हुंगायच्या, मग नखाने ओरखडायच्या, मग जिभेला लावायच्या, आणि मग वर्गात फिरवायच्या. "हे सागवान. हात लावून पाहा, तेलकट लागते. जुन्या चामड्यासारखा वास आहे. हे हलदू, पिवळं दिसते म्हनून सागवानात घालून इकते लोक, पन याले वासच नाही. हे धावडा. दात लावा त दात जाईन. कुऱ्हाडीचा दांडा याचाच." बहिऱ्या आजींनी सालईचा ढलपा हुंगला आणि मोठ्याने म्हणाल्या, "उदबत्ती!" तीन वर्षांत वर्गात त्या पहिल्यांदाच बोलल्या होत्या. मग काकूंनी कोनाड्यातला पाण्याचा पेला घेतला, त्यात एक तपकिरी ढलपा टाकला आणि पेला दाराशी, उन्हाच्या पट्ट्यात नेऊन धरला. हळूहळू पाण्याच्या कडेला निळी झाक उतरली. मोराच्या गळ्याची असते तशी. "हा बिजा," काकू म्हणाल्या. पोस्टमन गुडघ्यांवर उठून बसला. मी उठून दाराशी गेले. बिजाचं लॅटिन नाव मला पाठ होतं. त्याचं कूळ, पानांची मांडणी, खोडाचा आडवा छेद, सगळं पाठ होतं. त्याने पाणी निळं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि डोळे मिटून हातात ढलपा दिला असता तर तो बिजा की बाभूळ, हे मी ओळखलं नसतं.

तेवढ्यात माझं लक्ष गेलं. स्वयंपाकघराच्या दारात काकूंचा मुलगा उभा होता. जेवायला आला होता आणि केव्हापासून उभा होता कुणास ठाऊक. त्याच्या कपाळावरचा घाम गालांवर उतरला होता, तो पुसत नव्हता.

"माय," तो म्हणाला, "तुले हे कोनी शिकवलं?"

"कोन शिकवन? तुझे बाबा रोज संध्याकाळी खिशात ढलपे घेऊन येत. उद्या कोनता माल घ्याचा, कोनता नाही, त्याचे. आल्याबरोबर खिसा रिकामा करत माझ्यापुढे. मी सांगो. सुरुवातीले चुको, मग नाही चुकली."

मुलगा दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. त्याच्या वडिलांचं लकडगंजात नाव होतं. लाकडाला हात न लावता नुसत्या ढलप्यावरून सांगणारा असा पारखी झाला नाही, असं लोक त्यांच्या मागेही सांगत. मुलाला वखार मिळाली, पारख मिळाली नाही. वडील गेल्यापासून त्याने घेतलेला माल कधी आतून कुजका निघे, कधी सागवान म्हणून भलतंच गळ्यात पडे. वडिलांची कला वडिलांबरोबर गेली असं तो धरून चालला होता. आणि रोज दुपारी त्याच आईच्या स्वयंपाकघरात तोंड खाली घालून जेवत होता.

"मग तू मले काहून नाही सांगितलं?" त्याचा आवाज फाटला. "तीन वर्षं मी..."

"तू कधी इचारलं नाही, बापू." काकूंचा आवाज साधा होता, रागाचा नाही. "मी वाट पाहो. रोज खिशाकडं पाहो तुझ्या. तू ढलपे आनलेच नाही कधी."

"तू वखारीत याचं होतं न."

"तुझ्या आजीनं सांगितलं होतं, बाईनं वखारीत पाय ठेवाचा नाही. ते गेली, पन 'नाही' परत घ्याचं राहून गेलं तिचं."

तीन सुनांपैकी एक, जी कधीच काही बोलत नसे, तिने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि पाटीवर काहीतरी लिहू लागली. मुलाने उठून आईच्या पुढ्यातला ढलप्यांचा ढीग ओंजळीत घेतला, जणू पहिल्यांदाच बघतो आहे असा पाहिला आणि म्हणाला, "उद्या माझ्यासंग चाल."

दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती. मी मागे लागून गेले. अवघी शंभर पावलांची वाट, पण काकू चाळीस वर्षांत ती चालल्या नव्हत्या. वखारीत एक व्यापारी नुकतेच उतरवलेले ओंडके मुलाला विकायला थांबला होता. लाल पगडी, हातात पानाचा डबा. काकू पदर सावरत त्या ओंडक्यांच्या रांगेजवळ गेल्या. हमाल थांबले. पलीकडच्या दोन वखारींतली माणसं काम सोडून कुंपणापाशी आली. काकूंनी एका हमालाकडून कुऱ्हाड घेतली, उलटी धरली, तिच्या मागच्या बाजूने पहिल्या ओंडक्यावर ठोका मारला आणि वाकून कान लावला. मग दुसऱ्यावर. मग तिसऱ्यावर. असं करत त्या अकरा ओंडक्यांपाशी गेल्या आणि आठव्यापाशी परत आल्या.

"हा पोकळ आहे."

व्यापारी हसला. "काकूजी, वरून पाहा, एक गाठ नाही. हे टीव्हीत पाहून नाही समजत."

"टीव्हीत नाही आलं अजून हे," काकू म्हणाल्या. "चिरा."

"चिरून माल चांगला निघाला तर?"

"तर मी घरी जाऊन गप बसीन."

मुलाने एकदा आईकडे पाहिलं, एकदा ओंडक्याकडे, आणि मान हलवली. ओंडका आऱ्यावर चढला. पातं आत शिरलं, किंकाळी सुरू झाली, वर गेली, आणि मध्यावर आवाज एकाएकी बदलला, भांडं फुटावं तसा. कुणीतरी मशीन बंद केलं. दोन फळ्या बाजूला झाल्या तर आत हात जाईल एवढं काळं भोक, आणि त्यातून वाळवीचा भुगा जमिनीवर सांडत राहिला. लकडगंजात राहायला आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा मी तिथली शांतता ऐकली. व्यापाऱ्याच्या हातातला पानाचा डबा उघडाच राहिला होता. मुलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता, दोन्ही एकदम. मी काकूंकडे पाहिलं. मला वाटलं आता काही म्हणतील. पण त्या वाकून भोकात बघत होत्या.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "ही वाळवी आत जाते तं हवा कुठून घेते?"

मला माहीत नव्हतं.

त्यानंतर काकू आठवड्यातून दोन दिवस वखारीत जाऊ लागल्या. आधी लोक बघायला येत, मग विचारायला येऊ लागले. दुरुस्त होऊन आलेला टीव्ही पुन्हा कोटातली माणसं दाखवू लागला. पण शनिवार काकूंनी वर्गातल्या लोकांसाठी राखून ठेवला, ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. पोस्टमनने पत्रं कशी लावतात ते शिकवलं. पदर मागे सारणारी ती सून माहेरी रेशमाचे किडे पाळायची असं निघालं. तिने तीन शनिवार घेतले, तरी तिचं संपलं नाही.

मग माझं लग्न झालं. नवरा कोकणात नोकरीला होता, तिथल्या कॉलेजात मला जागा मिळाली. निघताना काकूंनी मला काही दिलं नाही, रडल्याही नाहीत. "तिथी कोन कोन काय शिकवते ते लिहून पाठवजा," एवढंच म्हणाल्या. मी दोन पत्रं पाठवली. मग संसार, मूल, परीक्षेचे पेपर.

चारेक वर्षांनी नागपूरला एका लग्नाला गेले तेव्हा कळलं, मुलाने शहराबाहेर, बेसाकडे, शेतात पडलेल्या प्लॉटवर घर बांधलं आहे आणि काकू तिकडेच असतात. मी बस पकडून गेले. तिथे तेव्हा मुरमाचे रस्ते, मधूनच एखादं नवंकोरं घर आणि मध्ये उघडं रान. घर छान होतं. टीव्ही रंगीत होता. एक वाजत आला होता. काकू खुर्चीवर बसल्या होत्या, गुडघे गेले होते म्हणून. बारीक झाल्या होत्या. बैठकीत दुसरं कुणी नव्हतं.

"वर्ग?" मी विचारलं.

"आता सगळ्याइच्या घरी टीव्ही आहे न," काकू म्हणाल्या. "त्याच्यानं कोनीच पाहत नाही."

ही तक्रार नव्हती, बातमी होती. पण मला ती ऐकवली नाही. मी खाली, त्यांच्या खुर्चीपाशी बसले. पडद्यावर मासे होते, निळ्या पाण्यात फिरणारे, आणि एक बाई काही सांगत होत्या. थोड्या वेळाने काकूंनी आवाज बारीक करायला सांगितला.

"तुमी तं तिथीच राहता. रोज पाहता काय समुद्र?"

"रोज. कॉलेजच्या रस्त्यावरच आहे."

"कसा असते?"

मी सांगायला लागले. मोठा असतो म्हणाले. निळा असतो. काकूंना तेवढं पुरेना. मग त्यांनी विचारलं, सकाळी अन् दुपारी आवाज एकच येते काय? पानी मागं जाते तेव्हा कुठवर जाते? वाळू ओली अन् कोरडी, पायाले कोनती थंड? रोज निळाच असते काय, का कधी दुसरा? मी आठवून आठवून सांगत होते, आणि सांगता सांगता लक्षात येत होतं की चार वर्षं मी तो रस्त्याच्या कडेला ठेवून नुसती पुढे गेले आहे. तरी त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, डोळे मिटून. माझ्याजवळचं संपलं तेव्हा म्हणाल्या, "बाकीचं पुढच्या वेळी."

पुढची वेळ आली नाही. त्या हिवाळ्यात मुलाचं पत्र आलं; दुपारी गेल्या, बसल्या बसल्या, असं त्याने लिहिलं होतं.

हल्ली मी संध्याकाळी समुद्रावर जाते. घरचे म्हणतात, एवढं काय बघतेस? मी पाणी कुठवर मागे जातं ते बघते. चपला काढून एक पाय ओल्या वाळूत आणि एक कोरड्या वाळूत ठेवते. पावसाळ्याच्या आधी दोन-तीन दिवस पाण्याचा रंग चहासारखा होतो, हे मला आता माहीत आहे.